शोध मृतांचा, जोखीम जिवंतांची

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यानंतर एनडीआरएफची पथके पाण्यात होती आणि नातेवाईक काठावर. त्याच आठवड्यात, २३ मे रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणाचा शोध सुरू होता. शोध घेणारी एसडीआरएफची बोटच भोवऱ्यात सापडून उलटली आणि पथकातले तीन जवान मृत्युमुखी पडले.

अशा घटनांनंतर एक अवघड प्रश्न उरतो. बुडालेला माणूस जिवंत सापडण्याची आशा संपल्यावर, त्याचा देह वर आणण्यासाठी जिवंत माणसाचा जीव किती धोक्यात घालायचा? काठावर बसलेल्या आईला हा प्रश्न विचारता येत नाही. देह मिळाला नाही तर पालाशविधीची वाट परंपरेने काढून ठेवली आहे, पण पळसाच्या पानांच्या प्रतिमेला अग्नी देऊन मन मानत नाही. व्यवहारातही अडचणी येतात. शवविच्छेदन नाही म्हणून मृत्यूचे कारण नोंदवता येत नाही. बेपत्ता माणसाचा सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही, तर कायदा त्याला मृत धरतो. तोवर विमा, निवृत्तिवेतन, सातबाऱ्यावरची वारसनोंद अशी किती तरी कामे अडून राहतात. त्यामुळे देह शोधणे ही केवळ भावनेची बाब नाही. पण पाण्यात उतरणाऱ्यालाही घर असते.

या प्रश्नाची शास्त्रीय बाजू ज्यांनी उलगडली, त्यांत जे. बी. एस. हाल्डेन यांचे नाव फार वर आहे. जगाला ते जनुकशास्त्रज्ञ म्हणून माहीत आहेत. आयुष्याची शेवटची सात वर्षे त्यांनी भारतात काढली आणि भारताचे नागरिकत्वही घेतले. पाण्याखाली माणसाला नेमके काय मारते, हे शोधताना त्यांनी वापरलेले मुख्य उपकरण म्हणजे त्यांचे स्वतःचे शरीर.

खाणीतले बालपण

जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे मोठे अभ्यासक होते. खाणीत स्फोट झाला की ते तिथे पोहोचत आणि मृत कामगारांचे देह तपासत. १८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. त्यातले बहुतेक कामगार स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, तर मागाहून पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड वायूने मेले, असे त्यांनी दाखवून दिले. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनला जागाच उरू देत नाही. अशा मृतांचे रक्त गडद न दिसता लालभडक दिसते, ही खूण होती.

या वायूला वास नाही, रंग नाही. त्यामुळे आत अडकलेल्यांना काढायला धावणारेही त्याच्या तावडीत सापडत. उतरताना उंदीर किंवा लहान पक्षी सोबत न्यावा, तो आधी कोसळतो आणि माणसाला मागे फिरायला वेळ मिळतो, ही सूचना थोरल्या हाल्डेन यांचीच. पुढे खाणकामगारांच्या हातातला कॅनरी पक्ष्याचा पिंजरा जगप्रसिद्ध झाला. मृतांच्या तपासणीतून मिळालेले हे ज्ञान पुढच्या बचावपथकांच्या कामी आले.

वडील मुलालाही खाणीत नेत. एकदा छताजवळ मिथेन वायू साचलेल्या जागी त्यांनी त्याला उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातले एक लांबलचक भाषण म्हणायला सांगितले. काही ओळी होताहोताच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली असल्याने तो लगेच सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि वर साचतो, हा धडा त्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

१९०६ मध्ये थोरले हाल्डेन ब्रिटिश नौदलासाठी पाणबुड्यांच्या आजाराचा अभ्यास करत होते. पाण्यात दर दहा मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळत जातो. माणूस झटकन वर आला तर सोडावॉटरची बाटली उघडल्यावर यावेत तसे बुडबुडे शरीरात तयार होतात. ते सांध्यांत अडकले तर असह्य वेदना होतात, मज्जारज्जूत अडकले तर पाय लुळे पडतात आणि फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तात फार झाले तर माणूस दगावतो. बोकडांवर आणि माणसांवर प्रयोग करून थोरल्या हाल्डेन यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याचे कोष्टक बसवले. ते १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. आजची सुधारित कोष्टके त्याच पायावर उभी आहेत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर या चाचण्या चालू असताना तेरा वर्षांच्या मुलानेही पाणबुड्याचा पोशाख चढवून बुडी मारली. पोशाख त्याला फार मोठा होता आणि आत पाणी शिरत होते, तरी तो तळाशी जाऊन आला.

पुढे ईटन, ऑक्सफर्ड, गणित आणि अभिजात भाषा असे त्यांचे शिक्षण झाले. विज्ञानाची रीतसर पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर लढले आणि जखमी झाले. १९१५ मध्ये जर्मनांनी विषारी क्लोरीन वापरला, तेव्हा वडिलांच्या मदतीला त्यांना बोलावून घेण्यात आले. बंद खोलीत क्लोरीन सोडून, मुखवटे घालून आणि न घालून, बाप-लेकांनी आणि सहकाऱ्यांनी चाचण्या केल्या. मेसोपोटेमियात पुन्हा जखमी झाल्यावर त्यांना बरे होण्यासाठी भारतात पाठवले गेले. या देशाशी त्यांची ओळख तेव्हाची.

युद्धानंतर केंब्रिजमध्ये जीवरसायनशास्त्र आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जनुकशास्त्र ही त्यांची कामे जगभर गाजली. उत्क्रांतीला गणिताची भाषा देणाऱ्या तिघांपैकी ते एक होते. मलेरियाच्या प्रदेशात काही आनुवंशिक रक्तविकार टिकून का राहतात, याचे १९४९ साली त्यांनी मांडलेले स्पष्टीकरण आजही महाराष्ट्रातल्या आदिवासी भागातला सिकलसेल समजून घेताना उपयोगी पडते. एका कामगार दैनिकात सामान्य वाचकांसाठी ते अनेक वर्षे विज्ञानाचे सदरही लिहीत असत.

थेटिसचे ९९ आणि एक

१ जून १९३९ रोजी ब्रिटिश नौदलाची नवी पाणबुडी थेटिस लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी गेली. आत १०३ माणसे होती. नेहमीच्या खलाशांशिवाय जहाज कारखान्याचे कामगार आणि तंत्रज्ञही बरेच होते. टॉर्पेडोच्या नळीचे आतले झाकण उघडले गेले तेव्हा बाहेरचे झाकणही उघडेच होते. पाणी आत घुसले, पुढचे दोन कप्पे भरले आणि पाणबुडीचे नाक तळाच्या चिखलात रुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शेपटी पाण्याबाहेर दिसत होती. चार जण सुटकेच्या कक्षातून बाहेर पडले. उरलेले ९९ जण किनारा जवळ असताना, मदतीची जहाजे भोवती असताना आत मेले.

त्यांतल्या बहुतेकांना पाण्याने मारले नव्हते. प्रत्येक श्वासागणिक आपण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. मोकळ्या हवेत त्याचे प्रमाण ०.०४ टक्का असते. बंद जागेत ते वाढत जाते. तीन टक्क्यांच्या आसपास धाप लागते. सहा टक्क्यांच्या पुढे डोके ठणकते, गोंधळ उडतो, साधी कामे जमेनाशी होतात. दहा टक्क्यांजवळ शुद्ध हरपते. थेटिसमध्ये नेहमीच्या जवळजवळ दुप्पट माणसे होती आणि पाण्याने हवेची जागा कमी करून टाकली होती. सुटकेचा कक्ष चालवायला लागणारी समज आणि ताकद नेमकी हवी होती तेव्हाच संपली.

कामगार संघटनांनी चौकशीत आपली बाजू पाहण्यासाठी हाल्डेन यांना बोलावले. त्यांनी निव्वळ कागद वाचून मत दिले नाही. लंडनमधल्या एका पाणबुड्या-साहित्याच्या कारखान्यात पोलादी टाकीत ते स्वतः सुमारे चौदा तास बंद राहिले. मग स्पेनच्या यादवी युद्धातून परतलेल्या चार साथीदारांना घेऊन ते पुन्हा आत बसले. डोकी फुटतील अशी दुखली, सगळ्यांना धाप लागली. आतल्या माणसांच्या शेवटच्या तासांत काय झाले असेल, हे त्यानंतर ते अनुभवाने सांगू शकत होते.

दरम्यान पाणबुडी वर काढण्याचे काम सुरू होते. आत ९९ देह होते आणि बाहेर ९९ घरे वाट पाहत होती. ऑगस्टमध्ये या कामावरच्या एका नौदल पाणबुड्याला बुडबुड्यांच्या आजाराने मृत्यू आला. दुर्घटनेचा तो शंभरावा बळी. थोरल्या हाल्डेन यांचे कोष्टक तोवर तीस वर्षे उपलब्ध होते. पण कष्टाचे काम, थंडी, प्रवाह आणि शिणलेले शरीर या गोष्टी कोष्टकाच्या रकान्यांत मावत नाहीत. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच दिवशी, थेटिस वेल्सच्या किनाऱ्याला लागली. अनेकांना होलीहेडच्या दफनभूमीत एकत्र मूठमाती देण्यात आली.

हीच पाणबुडी दुरुस्त करून, थंडरबोल्ट असे नवे नाव देऊन युद्धात उतरवण्यात आली. मार्च १९४३ मध्ये ती सिसिलीजवळ सगळ्या खलाशांसह बुडाली. या खेपेला कोणाला वर आणले गेले नाही. समुद्र हीच त्यांची समाधी मानली गेली. लोखंड तेच, मृत्यूही पाण्यातलेच. एकदा देह बाहेर काढताना एक माणूस गमावला, दुसऱ्यांदा देह तिथेच राहू दिले. दुसऱ्या वेळच्या घरच्यांचे दुःख कमी नव्हते. युद्धाने हिशेब बदलला होता इतकेच.

टाकीतली वर्षे

थेटिसच्या कामानंतर नौदलाने हाल्डेन यांना सोडले नाही. युद्धकाळात त्यांनी एक छोटे पथक जमवले. त्यात त्यांच्या विद्यार्थिनी आणि पुढे पत्नी झालेल्या हेलन स्परवे होत्या, हिटलरच्या छळातून निसटलेले शास्त्रज्ञ होते, स्पेनचे परागंदा माजी पंतप्रधान हुआन नेग्रिनही होते. हे सगळे आलटून पालटून दाबाच्या टाकीत बसत.

दहा वातावरण दाबाखाली, म्हणजे ९० मीटर खोल पाण्यात असावे तितक्या दाबाखाली, साधी हवा श्वासात घेतली की काय होते, हे त्यांनी तपासले. नायट्रोजनची नशा चढते. माणूस उगाच खूश होतो किंवा उगाच धास्तावतो, साधे गुणाकार चुकतो, चिमट्याने छोटी गोळी उचलता येत नाही. आपले चुकते आहे हेही त्याच्या ध्यानात येत नाही. ही नशा साधारण ३० मीटरपासून जाणवू लागते.

मग शुद्ध ऑक्सिजनची पाळी आली. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन विषासारखा वागतो. अपस्मारासारखे जोराचे झटके येतात. हेलन यांना ते आले, हाल्डेन यांनाही आले. अशाच एका झटक्यात हाल्डेन यांचे मणके चेपले गेले आणि पाठीच्या दुखण्याने उरलेले आयुष्य पाठ सोडली नाही. दाबातल्या बदलांनी कानाचे पडदे फाटले. बर्फाच्या पाण्यात बसून, दूषित हवा श्वासात घेऊन मेंदू किती चालतो, हेही त्यांनी पाहिले. पाण्याखाली शत्रूच्या जहाजांपर्यंत पोहोचणाऱ्या लहान पाणबुड्यांच्या खलाशांना किती खोलीवर कोणता वायू किती वेळ द्यायचा, हे या प्रयोगांतून ठरत गेले.

त्यांची भूमिका साधी होती. जो धोका आपण घेतलेला नाही, त्यात दुसऱ्याला ढकलू नये. रक्तातली आम्लता वाढवण्यासाठी अमोनियम क्लोराइड प्यायलेला हा माणूस आयुष्यभर त्या भूमिकेशी प्रामाणिक राहिला.

तरीही इथे एक प्रश्न विचारावा लागतो. हाल्डेन प्राध्यापक होते. पथकातले काही जण त्यांचे विद्यार्थी, काही परक्या देशात आसरा शोधणारे. त्यांचा होकार पूर्ण मोकळेपणाने आलेला होता का? प्रमुख स्वतः टाकीत बसतो तेव्हा नाही म्हणणे अधिकच कठीण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्गमध्ये मानवी प्रयोगांची संहिता तयार झाली. मृत्यूचा वा कायमच्या अपंगत्वाचा संभव असलेला प्रयोग करू नये, असे तिचे पाचवे कलम सांगते. प्रयोग करणारे डॉक्टर स्वतःवरच तो करत असतील तर कदाचित अपवाद, अशी पुस्तीही त्यात आहे. हाल्डेन यांच्यासारख्यांचे जगणे हा तो अपवाद. पण तो अपवादही वादाचा राहिला आहे, कारण धाडसी माणसाचे धाडस भोवतालच्यांवर नकळत दडपण आणते.

हाल्डेन काही संत नव्हते. स्वभाव तापट होता. रासायनिक युद्ध इतर शस्त्रांपेक्षा कमी क्रूर, असे त्यांनी पूर्वी छापून मांडले होते. सोव्हिएत रशियात लायसेन्कोच्या नावाखाली जनुकशास्त्रज्ञांचा छळ झाला, तेव्हा साम्यवादी पक्षाच्या निष्ठेपोटी ते फार काळ स्पष्ट बोलले नाहीत. धोका पत्करण्याची हिंमत आणि चूक कबूल करण्याची हिंमत एकाच माणसात सारखी असतेच असे नाही.

तळाशी अडकलेला श्वास

हाल्डेन यांच्यानंतर साधने खूप बदलली. खोल पाण्यात नायट्रोजनऐवजी हेलियम मिसळलेली हवा वापरतात, सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारी यंत्रे आली. शरीर मात्र तेच आहे. दक्षिण आफ्रिकेत बुशमन्स होल नावाची पाण्याने भरलेली प्रचंड विवर-गुहा आहे. तिथे १९९४ मध्ये एक तरुण बुडाला. दहा वर्षांनी डेव्हिड शॉ या ऑस्ट्रेलियन पाणबुड्याला त्याचा देह सुमारे २७० मीटर खोलीवर दिसला आणि तो वर आणण्याचे शॉ यांनी मनावर घेतले. ८ जानेवारी २००५ रोजी ते उतरले. देह पिशवीत भरताना दोरी गुंतली आणि धडपड वाढली. २७० मीटरवर दाब २८ पट असतो, श्वासातला वायूही तितकाच दाट होतो. अंगमेहनत केली की कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो, पण दाट वायू फुप्फुसांतून पुरेसा ये-जा करू शकत नाही. थेटिसमध्ये जे काही तासांत घडले ते इथे काही मिनिटांत घडले. शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्याने त्यांच्या वाढत्या श्वासाचा आवाजही टिपला. सोबतचा पाणबुड्या वर येताना बुडबुड्यांच्या आजाराने जायबंदी झाला. चार दिवसांनी सामान वर ओढताना शॉ आणि तो तरुण, दोघांचेही देह वर आले.

आपल्याकडे इतक्या खोल पाण्यात शोध घ्यावा लागत नाही, पण उथळ पाणीही निर्धोक नसते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट होऊन १८ नौसैनिक गेले. गोदीतल्या त्या पाण्यात खोली फार नव्हती. पण पाणबुडे उतरले ते गढूळ काळोखात, वेड्यावाकड्या झालेल्या पोलादात, हाताने चाचपडत. धरणांच्या आणि नद्यांच्या पाण्यात हेच संकट बुडालेली झाडे, मासेमारीची जाळी, बंधाऱ्याच्या दारांची ओढ आणि गाळ यांच्या रूपाने असते. आपल्याकडे उतरणारे पुष्कळदा गावातले पट्टीचे पोहणारे असतात. अंगावर दोरी, हातात गळ आणि छातीत भरलेला एक श्वास इतकेच त्यांचे साहित्य.

विहिरीत तर पाण्याचीही गरज पडत नाही. एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या पडीक विहिरीत पडलेल्या मांजराला काढायला एक जण उतरला. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा असे करत पाच जण गेले. हाल्डेन यांनी लहानपणी घेतलेला धडा इथे उलटा लागू पडतो. मिथेन वर जातो, पण कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत ऑक्सिजन कमी असल्याचे सांगते, पण हायड्रोजन सल्फाइड विषारी प्रमाणात असूनही कंदील जळत राहू शकतो आणि मिथेन असेल तर ज्योतीनेच स्फोट होतो. पहिला माणूस पडल्यावर दुसऱ्याने, हवेचा पुरवठा आणि कमरेला दोर असल्याशिवाय, उतरता कामा नये.

वेळ कोणाच्या बाजूने?

हाल्डेन बाप-लेकांच्या कामातून शोधकार्यासाठी एक कसोटी हाती लागते. आत जिवंत माणूस आहे की नाही, हे आधी ठरवले पाहिजे. जिवंत माणसासाठी मिनिटामिनिटाला किंमत असते आणि त्यासाठी मोठा धोका घेणे समजू शकते. आपल्या हवामानातल्या पाण्याखाली अर्ध्या तासाहून अधिक काळ राहिलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता फार थोडी असते. अपवाद दिसतात ते गोठणबिंदूजवळच्या पाण्यात. ती वेळ टळली, की बचाव संपतो आणि शोध सुरू होतो. शोधाला घाई नसते.

उलट, वेळ शोधणाऱ्यांच्या बाजूने असते. उन्हाळ्यातल्या पाण्यात शरीरात वायू तयार होऊन देह साधारण दोन-तीन दिवसांत आपोआप वर येतो. थंड आणि खोल पाण्यात मात्र त्याला फार वेळ लागतो, कधी तो येतही नाही. तेवढ्या काळात धरणातून सुटणारे पाणी कमी करता येते, उजाडण्याची वाट पाहता येते, कॅमेरा आणि सोनार आणता येतात. रात्री, पुरात, बंधाऱ्याच्या भोवऱ्यात माणसे उतरवून त्यातले काहीच लवकर होत नाही.

दुसरी गोष्ट नकाराची. काठावर जमलेली गर्दी, रडणारे नातेवाईक, लवकर उरका म्हणणारा अधिकारी आणि चित्रण करणारे मोबाइल, यांच्यासमोर पोहणाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. म्हणून ते म्हणण्याची मुभा त्याला आधीच दिलेली असली पाहिजे, आणि त्या नकाराला कोणी भित्रेपणा म्हणता कामा नये. उतरायचा हुकूम देणाऱ्याला पाण्याखाली काय असते याची माहिती असलीच पाहिजे. हाल्डेन यांनी ती स्वतःच्या मणक्यांची किंमत देऊन मिळवली. आज ती प्रशिक्षणातून मिळू शकते.

काकीनाड्यातला देह

१९५७ मध्ये हाल्डेन आणि हेलन भारतात आले. आधी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि मग १९६२ पासून भुवनेश्वरला ओडिशा सरकारने उभारलेल्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. धोतर-कुर्ता घालणारे, शाकाहारी झालेले हे उंचपुरे गृहस्थ तरुण संशोधकांना महागड्या यंत्रांची वाट न पाहता आसपासची झाडे, पक्षी, गांडुळे, भाताची शेते मोजायला शिकवत.

१९६३ मध्ये त्यांना गुदाशयाच्या कर्करोगाची लक्षणे दिसू लागली. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातच त्यांनी या आजारावर एक विनोदी कविता लिहून छापायला दिली. शौचातून रक्त जात असेल तर लाज न बाळगता लवकर डॉक्टरकडे जा, हा तिचा सांगावा होता. जून १९६४ मध्ये रुग्णांवरील संशोधनाला नैतिक चौकट देणारा हेलसिंकी जाहीरनामा जगातल्या डॉक्टरांनी स्वीकारला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला हाल्डेन वारले.

आपला देह वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. त्याप्रमाणे तो आंध्र प्रदेशातल्या काकीनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचवण्यात आला. महाराष्ट्रात शरीररचनाशास्त्र अधिनियम, १९४९ नुसार असे देहदान करता येते आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे शरीररचनाशास्त्र विभाग ते स्वीकारतात. काकीनाड्याच्या त्या टेबलाभोवती उभ्या राहिलेल्या मुलांना त्या देहात बोटीत आणि टाकीत घालवलेली वर्षे, क्लोरीन आणि ऑक्सिजनचे झटके, चेपलेले मणके यांच्या खुणा सापडल्या असतील. त्यासाठी या खेपेला कोणालाही खोल पाण्यात उतरावे लागले नाही.